कापडाचाच कागद, कागदावर टाके: पुण्यातला एक दिवस (माझा अनुभव)

कागदावर भरतकाम करायचं कधीपासून डोक्यात होतं. कापडावर हात बसलेला आहे, साखळी टाका, गाठीचा टाका, काजटाका सगळं आईने लहानपणीच शिकवलंय, पण कागदाला सुई लावायची म्हणजे वेगळंच प्रकरण, एकदा पडलेलं भोक परत मिटत नाही. मग मी आणि माझी मावसबहीण दोघींनी ठरवलं की एक अख्खा दिवस फक्त यालाच द्यायचा. सकाळी कागद घ्यायचा, तो कसा होतो ते समजून घ्यायचं, मग दोरे-सुया, आणि दुपारी तिच्या ओळखीच्या एक मावशी गोधड्या शिवतात त्यांच्याकडे बसून कापड आणि कागद दोन्हीचं मिळून एक छोटं घडीचं पुस्तक करायचं.

सुरुवात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेपासून केली. 1940 पासूनची जागा आहे ही, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या चळवळीतून उभी राहिलेली, आणि ज्यांनी ती उभी केली त्या के. बी. जोशींचं नाव तिथल्या रस्त्याला आहे. कितीतरी पुणेकर रोज त्या रस्त्याने गाडीवरून जातात पण आत वळत नाहीत, मला याचं खरंच वाईट वाटतं. तसं पुण्याचं आणि कागदाचं नातं खूप जुनं आहे, कसब्यातला कागदीपुरा म्हणजे पेशवाईत कागद बनवणाऱ्यांची वस्ती, आणि जुन्नरचा कागदही त्या काळी नावाजलेला होता.

तर हा हातकागद लाकडाचा नसतो, कापडाचा असतो! कपडे शिवताना उरलेल्या सुती चिंध्या घ्यायच्या, निवडायच्या, बारीक कापायच्या आणि बीटरमध्ये, म्हणजे चिंध्या कुटणाऱ्या यंत्रात, पाण्याबरोबर तासन्‌तास फिरवायच्या, की धागे सुटे होऊन लगदा तयार होतो. तो हौदातल्या भरपूर पाण्यात मिसळायचा, जाळीची चौकट आत बुडवून आडवी वर उचलायची आणि उचलता उचलता जराशी हलवायची, पाणी गळून जातं आणि जाळीवर पातळसा थर राहतो. तो कापडावर उलटा टाकायचा, त्यावर दुसरं कापड, परत थर, परत कापड, अशी थप्पी झाली की प्रेसखाली पाणी काढायचं आणि कागद वाळत घालायचे. नंतर धातूच्या पत्र्यांमधून दाबून काढले की गुळगुळीत होतात.

त्या चौकट हलवण्यातच शिवणाऱ्याच्या कामाची गोष्ट आहे. हलवल्यामुळे तंतू सगळ्या दिशांना पसरून एकमेकांत अडकतात. मशीनच्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेला झोपलेले असतात म्हणून तो एका बाजूने सरळ फाटतो आणि दुसऱ्या बाजूने वेडावाकडा. शिवाय सुती तंतू लाकडाच्या तंतूपेक्षा लांब, म्हणजे जास्त चिवट. टाक्यांचं काम करायचं तर साधा कार्डशीट घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे, सुती हातकागदच घ्या, 200 जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपासचा. त्याहून पातळ असेल तर दोऱ्याच्या ताणाने चुण्या पडतात आणि फार जाड असेल तर घडी नीट बसत नाही. आम्ही पांढरे आणि एक गेरूसारख्या रंगाचा असे कागद घेतले, गुंडाळी न करता पुठ्ठ्यात घालून आणले.

तिथून तुळशीबाग. तिथल्या गर्दीबद्दल काय लिहायचं, सगळ्यांना माहितीये. अँकर कंपनीच्या भरतकामाच्या दोऱ्याच्या लच्छ्या, सुयांचं पाकीट, कागदाची चिकटपट्टी आणि भोकं पाडायला एक टोच्या, एवढंच घेतलं आणि मिसळ खाऊन मावशींकडे गेलो.

मावशी मूळच्या साताऱ्याकडच्या, त्या गोधडीला वाकळच म्हणतात. मी आजीचं एक विरलेलं इरकल नेलं होतं, काठ अजून शाबूत पण अंग जाळीसारखं झालेलं. मला वाटलं त्या म्हणतील हे कसलं आणलंय, पण त्यांनी ते हातात घेऊन उन्हाकडे धरलं आणि म्हणाल्या, "ताई, ह्येच ब्येस. नव्या कापडात सुई अडती, जुन्यात कशी सरसर जाती." पुस्तकाच्या वेष्टनापुरता तुकडा फाडून काढला, कात्री नाही, फाडूनच, कारण फाडलं की धाग्यात सरळ निघतं. मधे जुन्या धोतराचे दोन थर, खाली साधं सुती, वर इरकल.

त्यांचे हात बघत राहावेसे वाटतात. फ्रेम नाही, खडूची रेघ नाही. थर जमिनीवर पसरतात, डाव्या हाताच्या तळव्याने आतली हवा बाहेर काढत कापड सपाट करतात, आणि कडेने धावदोरा सुरू, एका दमात सुईवर चार-पाच टाके भरून मग ती बाहेर खेचायची. कडेने पूर्ण फेरी झाली की बोटभर आत दुसरी फेरी, असं फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं. मधेच सुरुवात केली तर थर सरकतात आणि फुगा येतो, कडेपासून आत आलं की कापड आपोआप बसतं. मी दोरा जरा ताठ ओढते, सवय आहे, तर लगेच, "वढू नगा, निस्ता बसवा त्याला." हे वाक्य पुढे कागदावरही उपयोगी पडलं, तिथे तर फारच.

कागदाचं काम मात्र आमचं, मावशी त्यात बघ्या. कागदाखाली थर्मोकोल ठेवायचा, वर ट्रेसिंग पेपरवर काढलेलं डिझाइन, आणि टोच्याने आधी सगळी भोकं पाडून घ्यायची. शिवताना सुईने भोक पाडत बसलं तर मागून सुई वर आणताना जागा चुकते आणि कागदावर नको तिथे भोक राहतं. दोन भोकांत साधारण 4-5 मिलिमीटर अंतर ठेवलं. फार जवळ घेतली तर पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी ओळ तयार होते आणि कागद तिथूनच सुटतो. सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर घेतले. गाठ मारायची नाही, मागच्या गाठी पुढून फुगवटा दाखवतात, दोऱ्याचं टोक मागे चिकटपट्टीने दाबून टाकायचं. डिझाइन काय तर मावशींच्याच वाकळीच्या फेऱ्या, एकात एक चौकोन, आणि मध्यभागी इरकलच्या काठाचा तुकडा काजटाक्याने कागदाला जोडला. कापड आणि कागद एकाच सुईत येतात तेव्हा कापड जरा सैल धरायचं, नाहीतर कागद वाकतो.

हे जोडकाम बघून मला बहिणीच्या सासरची जुनी तसबीर आठवली, छापील लक्ष्मीला खऱ्या कापडाची साडी, जर आणि टिकल्या लावलेली. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला, आणि तिथून निघालेली देवादिकांची चित्रं घरोघरी गेल्यावर बायकांनी त्यांना अशी वस्त्रं चढवली. कागदावर कापड आणि जर चढवायची ही हौस आपल्याकडची जुनीच आहे, आणि ज्यांच्या घरी अशी तसबीर असेल त्यांनी ती माळ्यावर टाकू नये, टिकल्या गळतात पण काम अप्रतिम असतं.

शेवटी पानांना नागमोडी घड्या घालून पहिलं आणि शेवटचं पान गोधडीच्या वेष्टनाला शिवलं. इथे सुई जाड लागते, चार थर कापड आणि वर कागद, मावशींनी त्यांची दाभण दिली आणि मी फक्त कागदात आधी भोकं पाडून घेतली होती तिथूनच ती नेली. संध्याकाळ झाली होती पण पुस्तक पूर्ण झालं, उघडलं की हातभर लांब होतं आणि पानांच्या मागची बाजू, सगळे दोरे इकडून तिकडे गेलेले, ती मला पुढच्या बाजूपेक्षा जास्त आवडली. मावशींनाही. त्यांनी दोन्ही बाजू उलटसुलट करून पाहिल्या आणि विचारलं की हा कागद भिजला तर काय होतं. लगदा होतो म्हटलं, तर म्हणाल्या मग वाकळीगत धुता नाय येनार. पुढच्या वेळी त्यांना हातकागद संस्थेत घेऊन जायचं ठरलंय, त्यांच्याकडे वर्षानुवर्षं साठलेल्या सुती चिंध्यांची दोन गाठोडी आहेत आणि त्यांचा कागद होईल का हे त्यांना स्वतः विचारायचंय.