बिरू तीन रात्री घरी नव्हता

आज मंगळवार. मागच्या आठवड्यात लाईट रात्रीची होती, या आठवड्यात दिवसाची आहे म्हणून जरा टेकायला वेळ मिळाला, नाहीतर हे लिहिलंच नसतं. तसं लिहिण्यासारखं काही घडलेलंही नाही. आमच्या कुत्र्याला, बिरूला, हाक मारली, तो आला नाही, एवढंच. ह्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग?" मग काय, मग काहीच नाही. ठेवला फोन.

पण डोक्यातून जात नाही.

झालं असं, सोयाबीन निघाल्यापासून खालचं दीड एकर मोकळंच होतं. तिथं उन्हाळी कांदा लावायचाय, रोप अजून वीतभर पण झालेलं नाही, म्हणजे मधे वेळ होता, आणि अशा वेळी खतासाठी वावरात मेंढरं बसवून घ्यायची हे आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, काळापासून ठरलेलं. दिवाळी झाली की पारनेरकडनं धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरं-बिऱ्हाड घेऊन फिरणारे तळ, येतात, काही इकडंच ओतूर-आळ्याच्या बाजूला फिरतात, काही माळशेज उतरून खाली जातात. आमच्याकडं येतो तो एकच वाडा. तीन रात्रीचा सौदा, मागच्या वर्षी रात्रीला हजार आणि वर पायलीभर बाजरी होती, यंदा म्हणे हजारात परवडत नाही, मग बाराशेवर तुटलं. शेणखताची ट्रॉली हल्ली काय भावाने पडते ते बघता बाराशे म्हणजे काहीच नाही, लेंडी आणि मूत दोन्ही जिथल्या तिथं पडतं आणि पांगवायला मजूर लागत नाही.

बिरू याच वाड्यातला. चार वर्षांपूर्वी घोड्यावरच्या डालग्यातून काढून वाड्यातल्या म्हातारीने माझ्या ओच्यात टाकलं होतं ते पिल्लू. डोळे नुकते उघडलेले. गाईचं दूध ड्रॉपरने पाजलंय मी त्याला, एक एक थेंब, रात्री उठून उठून. हे मी का सांगतेय, तर त्या रात्री बांधावर उभं राहून मी हेच सगळं आठवत होते, ड्रॉपर, दूध, गोचीड काढणं, सगळा हिशोब.

गुरुवारी रात्री दहाला लाईट आली, ऑटोवर मोटर सुरू झाली, पण दारं धरायला, पाणी वाफ्यावाफ्यात वळवायला, ऑटो नसतं ना. बाराच्या सुमाराला उसाकडं निघाले. एरवी बिरू माझ्या पुढं दहा पावलं असतो, वळून बघत बघत जातो, मी थांबले की थांबतो. त्या रात्री दारात नव्हता. म्हटलं वाड्यावर असेल, चार जातभाई भेटलेत, बरं झालं. खालच्या वावराजवळून गेले तर वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, लागलेली, आत सगळी मेंढरं एकमेकांना चिकटून बसलेली, आणि हा बाहेर, उसाकडच्या कोपऱ्याला, पुढचे पाय लांब करून बसलेला. मी हाक मारली. परत मारली. त्याने मान वर केली, बॅटरीच्या उजेडात डोळे चमकले, माझ्याकडं नीट बघितलं आणि मान परत पायांवर ठेवली.

बस.

न ऐकल्यासारखं केलं असतं तर चाललं असतं. कुत्री करतात तसं. घाबरला असता, ओशाळला असता, शेपूट हलवली असती तरी चाललं असतं. पण ते बघणं तसं नव्हतंच. आमचे अण्णा संध्याकाळी डेअरीचा हिशोब लिहायला बसले आणि आम्ही पोरांनी धोतर ओढलं की ते चष्म्यावरून असं बघायचे. राग नाही, काही नाही. हात चालूच. तसं.

मग मी एकटी गेले. एकटी म्हणजे टॉमी होता. हे कंपनीतल्या कुणाकडून तरी घेऊन आलेत त्याला, लॅब्रॅडॉर आहे म्हणतात, असेल अर्धा. तो माझ्या सोबतीला नव्हता आला, घरी एकट्याला भीती वाटते म्हणून आला होता. उसात खुट्ट झालं की माझ्या दोन पायांच्या मधे. दोनदा पाटात पडता पडता वाचले. मोबाईलवर भजन लावलं मोठ्या आवाजात, आमच्याकडं सगळे तसंच करतात आता, कुठल्याही वावरात रात्री जा, कुठं भजन कुठं लावणी कुठं कीर्तन चालू असतं, वाघाला कळावं माणूस आहे म्हणून. (बिबट्याच तो, पण आम्ही वाघच म्हणतो.) दिवसा लाईट द्या म्हणून किती निवेदनं दिली ते आता मोजत नाही.

आणि तिथं, घोट्यापर्यंत गार पाण्यात, हातात फावडं, मला इतकं रडू आलं. कुत्र्यासाठी नाही, म्हणजे कुत्र्यासाठीच, पण मग एकामागोमाग एक आठवायला लागलं की आपण हाक मारल्यावर कोण कोण येत नाही. ह्यांची थर्ड शिफ्ट, चाकणवरून यायलाच सकाळचे नऊ. आत्यांना पडल्यापासून ऐकूच कमी येतं. पोराचं तर जाऊ दे. सतरा वर्षं झाली या वावरात राबतेय आणि एक कुत्रं माझं म्हणून होतं, तेही दुसऱ्याच्या मेंढरांपाशी जाऊन बसलं. एक दार फुटलं तेवढ्यात, अर्धा वाफा भलतीकडंच भरला.

सकाळी मी मनाची समजूत काढली होती की आईकडं गेला असेल. कितीही झालं तरी आई ती आई. दूध घालायला वाड्यावर गेले तेव्हा म्हातारीला म्हटलंसुद्धा, "मायकडं आला व्हय आमचा?" ती चुलीपाशी भाकरी थापत होती, वर न बघताच म्हणाली, "त्याची माय कुठली आता. मागल्या साली घाटात वाघानं नेली की. पट्टा तुटला व्हता."

म्हणजे तेही नाही.

म्हातारीचा लेक म्हणाला, "ताई, राखणीचं कुत्रं हाय ते. तुमच्याकं राखायला हाय काय?"

मला राग आला. हाय काय म्हणजे? दोन गाई आहेत, चार शेळ्या आहेत, घर आहे, मोटरची केबल आहे जी मागच्या उन्हाळ्यात कापून नेली होती. घरापर्यंत मनातल्या मनात यादी करत आले. पण घरी येऊन बघितलं तर काय, शेळ्या जाळीत. गाई जाळीत. मागच्या वर्षीच तर पूर्ण गोठ्याला जाळी मारून घेतली, खालून दोन फूट भिंत, वर पत्रा. पोराने दारावर कॅमेरा बसवलाय, तो त्याच्या मोबाईलवर पुण्यात दिसतो, फोन करत नाही पण कॅमेरा बघतो म्हणे. राहिलं काय बिरूला? दूधवाल्याची गाडी आली की भुंकणं. आणि रात्री माझ्यापुढं दहा पावलं चालणं. तेही आठवड्याआड.

पुतण्या मला मागे व्हिडिओ दाखवत होता परदेशातले, कुत्री शीळ ऐकून मेंढरं डावीकडं नेतात उजवीकडं नेतात, एकटं कुत्रं दोनशे मेंढरं दारातून आत घालतं. मी बिरूला म्हटलं होतं, बघ रे काहीतरी शीक. पण आपल्याकडं मेंढरं वळवतो तो माणूस. कुत्र्याचं काम वेगळंच आहे, ते म्हणजे बसणं. रात्रभर वाघरीच्या बाहेर, वारा कुठून येतोय ते बघून, बसणं. लांबून बघणाऱ्याला वाटतं कुत्रं झोपलंय. चार वर्षं मी त्याला आळशी म्हणत आलेय, नुसता बसून असतो म्हणून. टॉमी निदान चेंडू तरी आणतो.

त्यांची कुत्री तीन होती. वाघरीला कोपरे चार. चौथ्या कोपऱ्याला हा जाऊन बसला. म्हातारी म्हणाली त्याची माय पण उसाच्या बाजूलाच बसायची. पण वाडा दर वेळी वेगळ्या गावात, ऊस कधी इकडं कधी तिकडं, त्यामुळे हे मी उगाच जुळवतेय, मला माहितीय. तरी जुळवतेय.

दुपारी मग दुसरीच भीती. त्याचा पट्टा घरी खुंटीला. खिळ्यांचा पट्टा आहे त्याला, वाघ आधी गळा धरतो म्हणून, पण दिवसा मानेला काचतो म्हणून मी काढून ठेवते, आणि गुरुवारी संध्याकाळी घालायचा राहिला कारण हा घरीच नव्हता. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या टीमने बिबट्याची विष्ठा तपासून अभ्यास केला होता तो काय खातो त्याचा, पोराने मला वाचून दाखवलेलं. खाण्यात ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचाच ३९. शेळ्या ११. आम्ही शेळ्यांना जाळी मारली आणि कुत्रं उसाच्या तोंडाला. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत पट्टा घेऊन गेले. रुसलेच होते, बोलायचं नाही असं ठरवून गेले होते. तो उठून उभा राहिला, मान पुढं केली, मी बक्कल लावेपर्यंत हलला नाही. हात चाटला एकदा. मग जागेवर जाऊन बसला.

त्या रात्री तीनच्या सुमाराला चारी कुत्री एकदम उठली. तो आवाज वेगळा असतो, दूधवाल्यावर भुंकण्याचा नाही. धनगरांची बॅटरी फिरली, डबा वाजला, हाळ्या झाल्या, दहा मिनिटांत सगळं शांत. सकाळी बांधावर ठसे होते, उसाकडून आलेले आणि उसातच परत गेलेले. मेंढरू एकही गेलं नाही. बिरूच्या अंगावर ओरखडा नाही. मी मात्र खाटेवर उठून बसले होते आणि पाटात नव्हते म्हणून देवाला हात जोडत होते.

या सगळ्यात एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. भाऊबीजेला माहेरी गेले होते तेव्हा दुसऱ्या दिवशी ह्यांचे चार मिसकॉल होते. मी बघितले होते. फोन उलटा ठेवला आणि वहिनीबरोबर शेंगा निवडत बसले. काही राग नव्हता, काही नाही. हात चालू होते.

असो.

लोक विचारतात कुत्रं कोणत्या जातीचं. मुधोळ आहे का? मुधोळचं तर २००५ साली पोस्टाचं तिकीट निघालंय, आमच्या बिरूचं आधारकार्डसुद्धा नाही. हा जाड मानेचा, केसाळ, एक कान पडलेला. बैलाला पोळा आहे, गाईला वसुबारस आहे, नागाला पंचमी आहे, कुत्र्याला आपल्याकडं काहीच नाही. दत्ताच्या पायाशी चार आहेत खरी, ते वेद म्हणतात, आणि खंडोबाबरोबर एक. तिथंही सोबतीलाच, आता लक्षात आलं.

रविवारी पहाटे वाडा हलला. घोड्यांवर बिऱ्हाड चढलं, कोंबड्या डालग्यात, वाघर गुंडाळली, आणि मेंढरं ओतूरच्या वाटेला लागली. बिरू मागच्या अंगाला. मी ओट्यावर उभी होते. हाक मारून नाही आला तर काय करायचं, म्हणून हाकच मारली नाही. कालव्याच्या पुलापर्यंत दिसत होता, मग धुरळाच दिसला. आत्या म्हणाल्या, "गेला काय गं?" त्यांना बरोब्बर नको ते ऐकू येतं. मी म्हटलं भांडी घासायचीत.

साडेदहाला आला. सरळ टॉमीच्या भांड्यातलं पाणी संपवलं, मेंढरांचा असा वास की जवळ जाववेना, पायरीवर आडवा झाला आणि संध्याकाळपर्यंत झोपला. काला करून ठेवला होता ताकातला, तोही खाल्ला नाही. मी काही बोलले नाही. तोही नाही. म्हटलं झालं, संपलं.

कुठलं संपतंय. अंधार पडला तसा उठला आणि खालच्या वावरात गेला. वाघर नाही, मेंढरं नाही, नुसत्या लेंड्या. त्याच कोपऱ्यात, उसाकडं तोंड करून बसला. काल पण तेच. आज तर दुपारपासूनच जाऊन बसलाय, इथून दिसतोय. दीड एकर खताला राखण. मी पट्टा घालून आले आणि पाच मिनिटं शेजारी बसले, काय दिसतंय बघावं म्हणून. ऊस दिसतो. दुसरं काही दिसत नाही.

गुरुवारी रोटाव्हेटर येणारे. ड्रायव्हरला आत्ताच फोन करून सांगितलं, उसाच्या कोपऱ्याला कुत्रं बसलेलं असेल, हॉर्न दे, नाही उठला तर तेवढा कोपरा सोड, मी कुदळीने खणून घेईन.