दोन लिटर पाण्यात गाडीची काच

जर्मनीत हिवाळ्याच्या सकाळी काचेवरचा बर्फ पुरता न खरवडता, डोळ्यापुरतं भोक पाडून गाडी रस्त्यावर काढली तर 10 युरो दंड बसतो. त्याच वेळी घरासमोर पाइप लावून गाडी धुवायला बऱ्याच गावांत मनाई असते, कारण शाम्पूचं आणि तेलाचं पाणी पावसाच्या गटारातून थेट ओढ्या-नदीत जातं. काच लख्ख हवी आणि पाणी वाहू द्यायचं नाही, असा दुहेरी पेच. त्यामुळे थोड्या पाण्यात काच पुसायची सवय इथे अंगवळणी पडते. सोलापूरला हीच सवय उपयोगी, कारण नळाला पाणी काही दिवसांआड आणि मधल्या दिवसांत बोअरचं जड पाणी.

आधी एक वाईट सवय सोडा. रोज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोरडं फडकं घेऊन काचेवरची धूळ झटकली जाते. काचेचा कठीणपणा मोह्स मोजपट्टीवर साधारण साडेपाच, वाळूतल्या गारगोटीचा सात. म्हणजे फडक्याखाली सापडलेला वाळूचा कण काचेवर ओरखडा काढणारच. हे बारीक चरे दिवसा दिसत नाहीत. रात्री पुणे रोडवर समोरून लक्झरीचा लाइट आला की सगळी काच पांढरी होते आणि आपण दोष बल्बला देतो.

धूळ आधी भिजवायची, मग वाहवायची, आणि सगळ्यात शेवटी हात लावायचा. त्यासाठी शेतीच्या दुकानात दोन लिटरचा हाताने दाब भरायचा फवारणी पंप मिळतो, तो नवाच घ्या. औषध भरलेला जुना पंप कितीही धुतला तरी नको. त्यात दोन लिटर पाणी आणि कार शाम्पूचे मोजून पाच-सहा थेंब. जास्त टाकला तर फेस निघता निघत नाही आणि काचेवर पट्टे उरतात. वायपर उचलण्याआधी काचेवर घडी घातलेला जाड टॉवेल ठेवा, कारण दांडी स्प्रिंगने सटकून उघड्या काचेवर आदळली तर काच तडकू शकते. वरून खाली फवारा मारा, दोन मिनिटं मुरू द्या, पुन्हा मारा. यात लिटरभर पाणी जातं आणि बहुतेक माती खाली उतरते. मग ओलं मायक्रोफायबरचं कापड दाब न देता, एकाच दिशेने सरळ फिरवा. गोल गोल फिरवलं तर सापडलेला कण पुन्हा पुन्हा त्याच जागी घासला जातो. कापडाची चौपदरी घडी घातली तर दोन्ही बाजू मिळून आठ स्वच्छ पृष्ठभाग मिळतात. मळला की पुढचा घ्यायचा. शेवटी कोरड्या दुसऱ्या कापडाने लगेच टिपून घ्या.

हे सगळं काच गार असताना, सावलीत. मे महिन्यात दुपारी बाहेर उभ्या गाडीच्या काचेवर पाणी टाकलं तर ते पुसायच्या आत वाळतं आणि क्षार जागेवर बसतात. तापलेल्या काचेवर थंड पाणी पडलं की जुनी बारीक चीर पुढे सरकते, ते वेगळंच.

बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. ते घासून जात नाहीत, विरघळवावे लागतात. पांढरं व्हिनेगर आणि बॅटरीचं पाणी निम्मं-निम्मं घ्या, टिश्यू पेपर भिजवून ठिपक्यांवर चिकटवा, पाच ते दहा मिनिटांनी काढा आणि भरपूर साध्या पाण्याने धुवा. वाळू देऊ नका, रंगावर ओघळ येऊ देऊ नका. बॅटरीचं पाणी म्हणजे बॅटरीच्या दुकानात कॅनमध्ये मिळणारं क्षार काढलेलं पाणी. ॲसिड नव्हे, बाटली नीट बघून घ्या. दोनदा करूनही ठिपका राहिला तर क्षारांनी काच खाल्ली आहे असं समजा. तिथे टूथपेस्ट, राख, स्क्रबर किंवा संडास साफ करायचं ॲसिड वापरणं म्हणजे ठिपक्याच्या बदल्यात कायमचा डाग घेणं. कडुनिंबाखाली गाडी लावून बसलेला चिकटा मात्र अल्कोहोलने सुटतो, त्यासाठी व्हिनेगर कामाचं नाही.

आता टॉवेलचं. आपल्या सोलापूरच्या टेरी टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि पाणी टिपायला तो उत्तम, पण काचेवरच्या शेवटच्या हाताला नको. त्याच्या धाग्यांच्या वेटोळ्यांत वाळूचा कण अडकून बसतो, आणि नवा असेल तर धागे सुटतात. मघाशी वायपरखाली ठेवला तो टॉवेल हाच असू द्या.

काचेच्या आतल्या बाजूकडे फार कमी लोक बघतात. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून वाफा निघतात आणि काचेवर तेलकट थर धरतात. डॅशबोर्डवर सिलिकॉनचं चकचकीत पॉलिश मारत असाल तर त्याची भर. पावसाळ्यात आतून काच लवकर धूसर होते, त्यात या थराचाही हात असतो. 400 मिलि बॅटरीचं पाणी आणि 100 मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोल असं मिश्रण पुरतं. ते कापडावर फवारा, काचेवर नाही, कारण थेंब खाली डॅशबोर्डच्या वायरिंगमध्ये आणि वर आरशामागच्या कॅमेरा-सेन्सरच्या फटीत जातात. बाहेरून आडवे हात, आतून उभे हात मारा, म्हणजे रेघ राहिली तर कुठल्या बाजूची ते दिशेवरून कळतं. काचेवर ऊन अडवणारी फिल्म असेल तर अमोनियाचा क्लीनर टाळा. मागच्या काचेवरच्या तापवणाऱ्या तारांना पातं लावू नका आणि तारांच्या दिशेनेच पुसा. हे मिश्रण ज्वालाग्राही आहे, उन्हातल्या गाडीत बाटली ठेवू नका.

वॉशरच्या टाकीत बोअरचं पाणी आणि भांड्यांचा साबण भरणं, हे पुढच्या पावसात नोझल बंद पडायचं खात्रीचं कारण. टाकीत बॅटरीचं पाणी आणि वॉशर द्रव डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घाला. जर्मनीत उन्हाळी अर्क अनेकदा एकाला शंभर असा पातळ करतात. नुसतं पाणी भरू नका. ब्रिटनच्या आरोग्य संस्थेने 2010 मध्ये दाखवलं की द्रव न घातलेल्या वॉशरच्या पाण्यात लिजिओनेला हे न्यूमोनिया करणारे जंतू वाढू शकतात, आणि सोलापूरच्या उन्हात ती टाकी कोमट नसेल तर काय असेल! जर्मनीतून वॉशर द्रवाच्या निळ्या बाटल्या मागवू नका, त्या गोठण्यापासून वाचायच्या आहेत. शिवाय युरोपात मे 2019 पासून अशा द्रवांत 0.6 टक्के किंवा त्याहून जास्त मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल असेल तर ते सामान्य ग्राहकाला विकता येत नाही, म्हणजे इतरत्र मिळणाऱ्या बाटलीवरही आधी तेच वाचा.

वायपरचं रबर ओल्या कापडाने, दोन बोटांत धरून, काळं निघणं थांबेपर्यंत पुसा. उन्हाने कडक झालेलं, कडेला फाटलेलं रबर मग कितीही पुसलं तरी खडखडतं आणि रेघा सोडतं. ते पावसाआधी बदला.

काचेवर दगडाचा टवका असेल तर या सगळ्याआधी त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. साबण किंवा अल्कोहोल आत शिरलं की दुरुस्तीची राळ नीट धरत नाही, आणि प्रेशर पंप तर त्यावर अजिबात मारू नका.