इबोगाच्या नादात परळपर्यंत

कराडहून रात्रीची महालक्ष्मी धरली आणि भाच्याला घेऊन मुंबईला निघालो. व्यसन गर्दचं, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनचं; पन्नीवर, म्हणजे चांदीच्या कागदावर तापवून धूर ओढायचा. डोक्यात मात्र इबोगाचं खूळ. आफ्रिकेत गॅबॉन नावाचा देश आहे, तिथे एका झुडपाच्या मुळाची साल खातात, रात्रभर स्वप्नं दिसतात आणि उठल्यावर गर्दची आठवणही राहत नाही, असे व्हिडिओ बघून बघून त्याला सगळं तोंडपाठ झालं होतं. "मामा, एकदाच घ्यायचं नि सुटायचं." अंधेरीच्या एका एजंटाशी बोलणंही झालेलं. लोणावळ्याकडे फार्महाउसवर सोय, पैसे आधी, डॉक्टर फोनवर. मी म्हटलं, जाऊ की, पण आधी परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये विचारू.

प्रवासाचं आधी सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. शेवटच्या पुडीनंतर साधारण आठ-बारा तासांत टर्की लागते, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास सुरू होतो. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, मग पोटात कळ, जुलाब, आणि पाय नुसते झाडत राहतात. संध्याकाळी पुडी ओढलेला माणूस रात्रीच्या गाडीत बसला की पहाटे घाटातच सुरुवात होते. म्हणून खालचा बर्थ घ्या, तोही संडासाजवळचा. ओआरएसची पाकिटं, जास्तीचा टॉवेल, कपड्यांचा एक जोड वर काढून ठेवा. 'निदान झोपेल तरी' म्हणून झोपेची गोळी देऊ नका. गर्दवर ती पडली तर श्वास मंदावतो. पैसे तुमच्या खिशात. तो गाडीतून उतरला की तुम्हीही उतरायचं, चहाला असला तरी.

दादरला उतरून टॅक्सी करावी. टर्कीतल्या माणसाला लोकलच्या पुलावरून नेणं म्हणजे दोघांचीही परीक्षा. केईएमला लागूनच टाटा हॉस्पिटल आहे, त्यामुळे फुटपाथवर पथाऱ्या, पिशव्या, गावोगावची माणसं, बावरू नका. सकाळी लवकर पोचा, आधार कार्ड आणि जुने कागद जवळ ठेवा, केसपेपर काढा, व्यसनमुक्तीची ओपीडी विचारा. रांग आहेच.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मला वाटलं, इबोगाचं नाव काढल्यावर हसतील. हसल्या नाहीत. 'यात काहीच नाही, असं मी म्हणणार नाही,' म्हणाल्या. 1962 साली न्यूयॉर्कमध्ये हॉवर्ड लॉट्सॉफ नावाच्या एकोणीस वर्षांच्या हेरॉइनवाल्या पोराने नशा म्हणून ते घेतलं आणि उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं की टर्की लागलीच नाही. तिथून हे सुरू झालं. मुळातल्या औषधी द्रव्याला इबोगेन म्हणतात. अमेरिकेत त्यावर बंदी आहे, मेक्सिकोत त्याची क्लिनिकं चालतात, न्यूझीलंडमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवर देता येतं. आपल्याकडे ते मान्यताप्राप्त औषध नाही, म्हणजे फार्महाउसवर पुड्यातून काय निघेल त्याला वाली कोण?

मग त्यांनी भाच्याचाच ईसीजी पुढे ओढला. दोन खुणांमधल्या अंतरावर पेनाचं टोक ठेवलं. ठोका पडल्यावर हृदय पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला जो वेळ घेतं, तो इबोगेनने लांबतो. फार लांबला तर ठोके सैरभैर होतात आणि माणूस जातो. अंगात पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी असेल तर जास्तच, आणि टर्कीच्या जुलाबांत नेमकं तेच कमी होतं. 1990 ते 2008 या काळात, आफ्रिकेतल्या मूळ मुलखाबाहेर, इबोगेन घेतल्यावर साधारण तीन दिवसांत गेलेल्या 19 जणांची नोंद डॉक्टरांनी तपासली. त्यातल्या बऱ्याच जणांना हृदयाचा आधीचा आजार होता किंवा अंगात दुसरी नशा होती. इबोगेनचा अंश अंगात काही दिवस टिकतो, तेव्हा धोका सकाळी संपत नाही. शिवाय टर्कीबरोबर जुनं माप झेपवायची अंगाची सवयही जाते. नंतर कधी जुन्या मापाने ओढलं तर श्वास थांबू शकतो. भाचा पहिल्यांदाच गप्प बसला.

(गावी परतल्यावर एकाने ज्ञान दिलं, की आपली दारातली तगर त्याच कुळातली, काढा करून बघा. कूळ तेच आहे, तगरीतही त्या जातीची द्रव्यं असतात, म्हणूनच तो काढा करू नका. धोतऱ्याचं तर नावच नको.)

उपचार साधा निघाला: ब्युप्रेनॉर्फिनची गोळी. ती टर्की लागल्यावरच देतात. अंगात गर्द असताना दिली तर उलट टर्की उसळते. त्यामुळे शेवटची पुडी कधी ओढली, हे डॉक्टरपाशी खरं सांगायला लावा. सिस्टरने गोळी त्याच्या जिभेखाली ठेवली, 'गिळायची नाही, बोलायचं नाही', आणि समोरच बसवलं. तोंडात लाळ साठलेली, बोटं खुर्चीच्या कडेला घट्ट. विरघळल्यावर सिस्टरने जीभ वर करायला लावून बघितली. तासाभरात त्याने स्वतःहून वडापाव मागितला. मी दोन आणले.

हे औषध महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं चालतं. 'एक नशा सोडून दुसरी लावली' असं मेव्हणे फोनवर म्हणाले. त्यांच्याशी वाद घातला नाही, डॉक्टरीणबाईंना फोन दिला.

राहायचं स्वस्तात जमवायचं तर हॉस्पिटलच्या समाजसेवकांना भेटा, लॉजच्या मागे लागू नका. ओएसटी केंद्रंही आहेत, म्हणजे गर्दच्या जागी असं औषध देणारी, पण ती मुख्यतः सुई टोचून घेणाऱ्यांसाठी. पन्नीवाल्याने व्यसनमुक्ती विभागातच जावं. निघण्याआधी फोन करायचा तर 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. आणि परतीचं तिकीट काढण्याआधी तुमच्या जिल्ह्यात ही गोळी कुठल्या केंद्रात मिळते ते विचारून त्या नावाचं पत्र घ्या. साध्या मेडिकलमध्ये ती मिळत नाही, आणि एक-दोन दिवस गोळी चुकली की टर्की पुन्हा दारात.