उजवा हात प्लास्टरमध्ये असताना दीड महिना कॉम्प्युटर आणि फोन कसा चालवला – माझा अनुभव

जिन्यावरून उतरताना पाय सटकला, पडताना उजवा हात टेकला आणि मनगट फ्रॅक्चर. सहा आठवड्यांचं प्लास्टर. बोटं हलवत राहा पण हातावर अजिबात जोर देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं. माझं काम तर दिवसभर कॉम्प्युटरवरच, मेल, वर्ड, एक्सेल हेच. सुट्टी तरी किती घेणार, एक आठवडा घेतली आणि मग एका हाताने कामाला बसले. त्या दिवसांत जे जे सापडलं ते लिहून ठेवतेय कारण मला ते शोधायला खूप वेळ लागला, आणि यातल्या बऱ्याच गोष्टी दोन्ही हात धडधाकट असलेल्यांनाही रोज कामाला येतील.

पहिली अडचण आली फोन उघडण्यापासून. फिंगरप्रिंट म्हणून मी फक्त उजवा अंगठा टाकलेला होता आणि तो सुजलेला, सेन्सरवर टेकवायचा म्हणजे कळ यायची. पिन आठवत होता म्हणून निभावलं. मग सेटिंग्समध्ये जाऊन डावा अंगठा आणि डाव्या हाताचं पहिलं बोट दोन्ही टाकून घेतलं, बहुतेक फोनमध्ये तीन-चार बोटं तरी टाकता येतातच, आपणच एक टाकून थांबतो. इथे एक गोष्ट माहिती असू दे, नवीन बोट टाकलं की काही ॲप (विशेषतः पैशांची) सुरक्षेसाठी पुन्हा पासवर्ड मागतात. मला त्यातला एक पासवर्ड आठवेना आणि तो बदलण्यात अर्धा दिवस गेला. म्हणून हे काम हात धड असतानाच करून ठेवा असं मी आता भेटेल त्याला सांगते.

आता फोन डाव्या हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने टाईप करायचं, तर हल्लीचे फोन एवढे मोठे की अंगठा उजव्या टोकाला पोचतच नाही. जीबोर्डमध्ये, म्हणजे अँड्रॉइडवरच्या गुगलच्या कीबोर्डमध्ये, कीबोर्डच्या वर कोपऱ्यात चार चौकोनांचं चिन्ह असतं, त्यात एका हातासाठीचा मोड आहे, तो लावला की अख्खा कीबोर्ड लहान होऊन एका कडेला सरकतो. आयफोनच्या कीबोर्डवर गोल पृथ्वीचं चिन्ह दाबून धरलं की डावीकडे-उजवीकडे सरकवायचा पर्याय मिळतो. स्क्रीनचा वरचा भाग खाली ओढायची सोय पण आहे, आयफोनमध्ये तिला रीचेबिलिटी म्हणतात आणि ती २०१४ पासून आहे, अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनमध्ये वन हँडेड मोड नावाने मिळते. शिवाय रोज लागणारे सात-आठ आयकॉन मी खाली डाव्या कोपऱ्याजवळ आणून ठेवले. ही सेटिंग कुठे असेल म्हणून मेनू शोधत बसू नका, सेटिंग्स उघडल्यावर वरती सर्चची जागा असते तिथे नाव टाईप करा, मी इतकी वर्षं एक एक मेनू उघडून बघायचे.

स्पेसबारची गंमत तर सगळ्यात आवडली. लिहिलेल्या ओळीत मधेच एक अक्षर चुकलं की बोटाने नेमकं तिथे टच करायला जावं तर कर्सर भलतीकडेच जातो. जीबोर्डमध्ये स्पेसबारवर बोट ठेवून डावी-उजवीकडे सरकवलं की कर्सर एकेक अक्षर सरकतो, आयफोनमध्ये स्पेसबार दाबून धरला की अख्खा कीबोर्ड टचपॅडसारखा होतो. आता हात बरा झालाय तरी मी असंच करते.

पण एका बोटाने मोठे मेसेज आणि मेल लिहायचे तर हात आणि डोकं दोन्ही दुखतं. मग मी बोलून टाईप करायला लागले. गुगलने मराठीत बोलून टाईप करायची सोय २०१७ मध्ये आणली, म्हणजे माझ्या फोनमध्ये कधीची होती आणि मी वापरलीच नव्हती. सुरुवातीला मी एक शब्द बोलायचे, थांबायचे, स्क्रीनवर काय आलं ते बघायचे, परत एक शब्द, आणि चुकाच चुका. नंतर लक्षात आलं की सलग पूर्ण वाक्य नेहमीच्या वेगाने बोललं की बरंच बरोबर येतं, कारण आजूबाजूच्या शब्दांवरून ते कुठला शब्द असेल याचा अंदाज घेतं, एकटा शब्द मिळाला तर अंदाज कशावरून घेणार. तेव्हा आधी मनात वाक्य जुळवायचं मग बोलायचं. स्वल्पविराम, पूर्णविराम मी नंतर हातानेच टाकायचे, आणि नावं आणि आकडे मात्र पाठवायच्या आधी दरवेळी वाचून बघायचे, बोलून केलेल्या टायपिंगमध्ये खरी चूक तिथेच लपते.

यातूनच पुढची युक्ती निघाली. फोनवर गुगल डॉक्समध्ये नवीन फाईल उघडायची, तिथे बोलून सगळा मजकूर टाकायचा आणि तीच फाईल कॉम्प्युटरवर त्याच अकाउंटने उघडून दुरुस्त करायची. स्वतःलाच मेल करा, केबल लावा, काहीच नाही. माझे अर्धेअधिक रिपोर्ट असेच लिहून झाले, घरात येरझाऱ्या घालत.

जी वाक्यं परत परत लागतात, म्हणजे पत्ता, ईमेल आयडी, "फाईल सोबत जोडली आहे, कृपया बघून घ्यावी" असलं सगळं, त्याला शॉर्टकट करून ठेवले. जीबोर्डच्या सेटिंग्समध्ये डिक्शनरी, त्यात पर्सनल डिक्शनरी, आयफोनमध्ये टेक्स्ट रिप्लेसमेंट. दोन अक्षरं टाईप केली की अख्खं वाक्य समोर. फक्त पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर असा साठवू नका, त्यासाठी पासवर्ड मॅनेजर वेगळा असतो.

स्क्रीनशॉटला अँड्रॉइड फोनवर पॉवर आणि आवाज कमी करायचं अशी दोन बटणं एकदम दाबावी लागतात, एका हाताने फोन पडायची भीती. अँड्रॉइडच्या सेटिंग्समधल्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये (शारीरिक अडचण असलेल्यांसाठीच्या सोयी तिथे असतात) ॲक्सेसिबिलिटी मेनू नावाची सोय आहे, ती चालू केली की स्क्रीनवर एक बटण येतं आणि त्यात स्क्रीनशॉट, आवाज, लॉक सगळं मोठ्या चिन्हांत मिळतं. आयफोनमध्ये तेच काम असिस्टिव्ह टच करतं. ज्यांच्या फोनचं बाजूचं बटण बिघडत आलंय त्यांनी पण हे लावून बघावं.

आता कॉम्प्युटर. इथे मी पहिल्या दिवशी अक्षरशः रडकुंडीला आले. कंट्रोल, शिफ्ट आणि बाण एकदम दाबायचे, कंट्रोल ऑल्ट डिलीट दाबायचं, कॅपिटल पी काढायचा, हे एका हाताने करायला बोटं केवढी ताणायची, आणि डावा हात पण दुखवून बसले असते. तेव्हा आठवलं की शिफ्ट पटापट पाच वेळा दाबलं की विंडोजमध्ये एक खिडकी उघडते, स्टिकी कीज चालू करू का विचारते, आणि मी गेली कित्येक वर्षं न वाचताच नाही म्हणत आले होते. या वेळी वाचलं आणि हो म्हटलं.

स्टिकी कीज म्हणजे काय, तर एकदम दाबायच्या की एकामागून एक दाबता येतात. कंट्रोल दाबा, सोडा, मग पी दाबा, प्रिंट उघडतं. कंट्रोल दोनदा दाबलं तर ते अडकून राहतं, तिसऱ्यांदा दाबलं की सुटतं. म्हणजे शब्दाशब्दाने सिलेक्ट करायचं तर शिफ्ट दोनदा, कंट्रोल दोनदा, आणि मग निवांत बाण दाबत राहायचं. मला एक त्रास झाला तो सांगते, मधेच हे आपोआप बंद पडायचं आणि मला कारण कळेना. दोन की चुकून एकदम दाबल्या गेल्या की स्टिकी कीज बंद व्हाव्यात असा पर्याय आधीपासून चालू असतो. विंडोजचं बटण आणि यू दाबलं की ॲक्सेसिबिलिटीची सेटिंग्स उघडतात, तिथे कीबोर्डमध्ये जाऊन तो पर्याय काढून टाकला, त्यानंतर एकदाही अडलं नाही. मॅकमध्ये पण स्टिकी कीज याच नावाने आहे.

ही सोय विंडोज ९५ पासून आहे. त्याच्याही आधी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरने अपंग लोकांना कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीसाठी असल्या सोयी तयार केल्या होत्या. कुणीतरी एवढा विचार करून ठेवला म्हणून माझी नोकरी त्या दीड महिन्यात चालली, हे वाचलं तेव्हा खरंच भरून आलं.

माऊस डाव्या बाजूला घेतला, सेटिंग्समधून डावं-उजवं बटण अदलाबदल केलं आणि कर्सरचा वेग कमी केला, वेग कमी केल्याशिवाय डाव्या हाताने नेम लागतच नाही. पण माऊसचं बटण दाबून धरून ओढायचं काम जमेना, फाईल मधेच सुटून भलत्याच फोल्डरमध्ये जायची. (असं झालं तर शोधत बसू नका, कंट्रोल झेड दाबा, फाईल मागे येते.) माऊसच्या जुन्या प्रॉपर्टीज खिडकीत क्लिक लॉक म्हणून एक टिक आहे, ती केली की बटण क्षणभर दाबून सोडलं तरी ते धरलेलंच राहतं, मग ओढून न्यायचं आणि परत क्लिक केलं की सुटतं. मोठा मजकूर सिलेक्ट करायला तर ओढायची गरजच नाही, सुरुवातीला क्लिक करा, शेवटी शिफ्ट धरून क्लिक करा, मधलं सगळं सिलेक्ट. आणि वर्डमध्ये एफ ८ ही एकच की आहे, दोनदा दाबली की शब्द, तीनदा वाक्य, चारदा परिच्छेद, पाचदा सगळं डॉक्युमेंट सिलेक्ट होतं, बाहेर पडायला एस्केप. वर्ड एवढी वर्षं वापरून मला हे माहितीच नव्हतं.

एक चांगली गोष्ट अशी की रोजचे बरेचसे शॉर्टकट डाव्या हाताखालीच आहेत. झेड, एक्स, सी, व्ही शेजारी शेजारी आहेत, १९८३ साली आलेल्या ॲपलच्या लिसा कॉम्प्युटरवर पण अन्डू, कट, कॉपी, पेस्टला हीच चार अक्षरं होती. कट-कॉपी-पेस्ट ही कल्पना १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली, टेस्लर २०२० मध्ये गेले. याशिवाय ऑल्ट टॅब, बंद झालेला टॅब परत आणणारं कंट्रोल शिफ्ट टी, स्क्रीनचा हवा तेवढाच तुकडा कापून घेणारं विंडोज शिफ्ट एस, हे सगळं डाव्याच हाताचं. आणि विंडोज व्ही! हे एकदा चालू केलं की कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टींची यादी मिळते, त्यातलं हवं ते पेस्ट करायचं. दोन खिडक्यांमध्ये दहा वेळा ये-जा करायच्या ऐवजी मी आधी दहा गोष्टी कॉपी करून घ्यायचे आणि मग दुसरीकडे जाऊन एकेक टाकायचे. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की ही यादी जाते, नेहमी लागणारं असेल तर त्याला पिन करून ठेवायचं. फक्त पासवर्ड कॉपी केला असेल तर तो पण त्या यादीत दिसू शकतो, कॉम्प्युटर दुसरं कुणी वापरत असेल तर आठवणीने काढून टाका.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. मनगट अजून आखडलेलं आहे, व्यायाम चालू आहेत. माऊस परत उजवीकडे आणला पण क्लिक लॉक तसंच ठेवलंय, फोनमध्ये दोन्ही हातांची बोटं आहेत, आणि मोठे मेल मी आजही बोलूनच लिहिते.

आणि या सगळ्यात माझी आत्या आठवली. तिचा हात थरथरतो, कॉम्प्युटरवर टाईप करताना एकच अक्षर चार-पाच वेळा उमटतं, "कककक", म्हणून तिने मेल लिहिणंच सोडून दिलं होतं, आता आपलं वय झालं म्हणायची. स्टिकी कीजच्या शेजारीच फिल्टर कीज म्हणून सोय आहे, चुकून लागलेली किंवा लागोपाठ परत परत दाबली गेलेली की ती सोडून देते. मागच्या रविवारी जाऊन तिला ती लावून दिली, किती वेळ थांबायचं ते तिच्या हाताप्रमाणे दोन-तीनदा कमीजास्त करून बघावं लागलं. फोनमध्ये पण दाबून धरायचा वेळ वाढवून दिला, म्हणजे नुसतं बोट टेकलं तर मेनू उघडणार नाही. मग तिने भावाला, म्हणजे माझ्या बाबांना मेल लिहायला घेतला. चार ओळींना पाऊण तास लागला, मी शेजारी बसून होते, एकही अक्षर दोनदा आलं नाही.