तुम्ही विचारलंत म्हणून: फॉन्ट तर तयारच मिळतात, मग शिकायचं काय?

हा प्रश्न मला दर वर्षी येतो, आणि बहुतेक वेळा जूनच्या सुमारास. डिझाइनला प्रवेश घेतलेल्या मुलांचे आईवडील विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले विचारतात. पहिल्या वर्षाची मुलंही विचारतात, फक्त जरा अडखळत. "कॉम्प्युटरमध्ये ढिगानं फॉन्ट असतात. एक निवडायचा, मजकूर टाकायचा, झालं. त्यात टायपोग्राफी, म्हणजे अक्षरांची मांडणी, म्हणून वेगळं शिकायचं काय? आणि तो जुना इतिहास कशाला?" परवा माझ्या एका विद्यार्थिनीच्या बाबांनी हेच विचारलं. त्यांची एसटी सुटायची होती, त्यामुळे उत्तर अर्धंच राहिलं. ते इथे त्यांनाच उद्देशून पूर्ण करते.

मी दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या एका कार्यक्रमाचं पोस्टर केलं होतं. शीर्षकात ‘शिक्षण’ हा शब्द. माझ्या मशीनवर सगळं नीट दिसत होतं. छपाईसाठी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली, तिथल्या सॉफ्टवेअरची मांडणी वेगळी होती, आणि वेलांटी ‘श’च्या आधी न पडता नंतर पडली. ‘क्ष’ फुटून पाय मोडका ‘क’ आणि शेजारी सुटा ‘ष’ असं झालं. छापून आल्यावर मी रंग तपासले, कडा तपासल्या. अक्षरं वाचली नाहीत, कारण ती आपण पाठ झाल्यासारखी बघतो. सकाळी पोस्टरं भिंतींवर लागली. आमचे शिपाईमामा एका पोस्टरसमोर थांबले, एकदा वाचायचा प्रयत्न केला, परत केला, आणि मला म्हणाले, "हे काय लिहिलंय, ताई?" त्यांना वाटत होतं, आपल्यालाच वाचता येत नाही. ते मला फार लागलं. चूक माझी होती आणि कमीपणा त्यांना वाटत होता.

असं का झालं हे त्या दिवशी मला सांगता येईना. गुटेनबर्गनं बायबल कसं छापलं ते येत होतं. व्हेनिसमध्ये १४७० साली निकोलस जेन्सननं रोमन अक्षर किती सुरेख कोरलं, आल्दुस मानुत्सिउसनं १५०१ मध्ये तिरपं इटालिक पहिल्यांदा पुस्तकभर कसं वापरलं, हेल्व्हेटिका ही अक्षरशैली १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कशी जन्मली, हे सगळं परीक्षेत लिहून मी चांगले गुण मिळवले होते. तो इतिहास मला आजही प्रिय आहे, जेन्सनचं पान बघताना अजून हरखायला होतं. पण माझ्याच भाषेतली एक वेलांटी जागा सोडून का गेली, याचं उत्तर त्यात नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या छापखान्यात गेले. लहानपणापासून त्याच्यावरून शाळेत जात होते, आत कधी गेले नव्हते. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन कधीच बंद पडलेलं, पुढच्या खोलीत ऑफसेटची कामं. पण मागच्या खोलीत खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या शिशाच्या अक्षरांच्या, केसा (खणांच्या पेट्या) तशाच होत्या. तिथले जुळारी काका तेव्हा सत्तरीच्या पुढचे. जुळारी म्हणजे कंपोझिटर, एकेक खिळा उचलून ओळ जुळवणारा. मी त्यांना पोस्टरची हकिगत सांगितली. ते काही बोलले नाहीत. स्टिक, म्हणजे खिळ्यांची ओळ जुळवायची पट्टी, हातात घेतली आणि ‘शिक्षण’ जुळवायला लागले.

त्यांचा हात आधी वेलांटीच्या खणात गेला. मग ‘श’. त्यांनी तो वेलांटीचा खिळा मला परत काढून दाखवला. शिशाचा बारीक दांडा, टोकाला उलटी वेलांटी, आणि तिचा वरचा बाक खिळ्याच्या अंगाबाहेर, हवेत. "हा बाक शेजारच्या अक्षराच्या खांद्यावर टेकतो," ते म्हणाले. "म्हणून सगळ्यात आधी मोडतो तो हाच. वेलांट्या जपून ठेवायच्या, पोरी." खिळ्याच्या पोटाशी एक खाच होती. खिळा सुलटा आहे की उलटा, हे ते त्या खाचेवर अंगठा फिरवून ओळखायचे, डोळे मूळ कागदावरच.

त्या खोलीत मला पोस्टर समजलं. ‘शि’ म्हणताना आपण आधी ‘श’ उच्चारतो आणि मग ‘इ’. लिहिताना मात्र वेलांटी आधी येते. जुळारी डोळ्याच्या क्रमानं जुळवायचा. कॉम्प्युटरवरचे जुने, युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला एक ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचे फॉन्टही तसेच चालायचे, वेलांटीची कळ आधी. युनिकोड मात्र मजकूर कानाच्या क्रमानं साठवतं, आधी ‘श’, मग ‘ि’, आणि दाखवताना वेलांटी उचलून ‘श’च्या आधी ठेवायचं काम सॉफ्टवेअरवर सोपवतं. ते काम करणारा भाग बंद असला, की वेलांटी आपली कानाच्या क्रमानं नंतरच उभी राहते. माझ्या पोस्टरला हेच झालं होतं. अॅडोबीच्या प्रोग्रॅममध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ नावाचा एक पर्याय निवडायचा असतो, एवढंच. पण तो कशासाठी आहे हे कळायला मला शिशाचा खिळा हातात घ्यावा लागला.

त्या सुट्टीत मी रोज तिथे जात होते. काकांपुढे चार केसा उघड्या असायच्या. इंग्रजीच्या मोठ्या आणि लहान अक्षरांना दोन पुरतात. मराठीला स्वर, व्यंजनं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना-मात्रा, उकार, रफार धरले की खण काही शेंवर जातात. हात किती लांब पोचवायचा, यावर जुळाऱ्याचा दिवस ठरायचा. लोकमान्य टिळकांपासून अनेकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी डोकं का घातलं, सावरकरांनी ‘इ’, ‘उ’, ‘ए’ऐवजी ‘अि’, ‘अु’, ‘अे’ का सुचवलं, हे पुस्तकात वाचलं असतं तर मी भाषेचा वाद म्हणून सोडून दिलं असतं. केसेसमोर उभं राहिल्यावर तो खणांचा प्रश्नही आहे हे दिसलं.

मग मी मागे मागे जात राहिले. हिंदुस्थानातला पहिला छापखाना गोव्यात १५५६ मध्ये आला. पण १६१६ साली गोव्यातल्याच राशोलला फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं ते रोमन लिपीत. मराठीचं इतकं तोंडभरून कौतुक करणाऱ्या माणसाची मराठी ओवी परक्या लिपीत छापावी लागली, कारण नागरी खिळे नव्हते. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. पुढे १८०५ मध्ये विल्यम केरी या मिशनऱ्याचं मराठी व्याकरण छापलं गेलं, तेही इथे नाही, बंगालमध्ये श्रीरामपूरला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं ते शिळेवर. शिळाछापाला खिळे लागत नाहीत. हातानं लिहिलेलं अक्षर जसंच्या तसं उमटतं.

आणि मग जावजी दादाजी. लहान वयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायचं काम करणारा मुलगा. त्यानं पुढे स्वतःची टाइप फाउंड्री, म्हणजे खिळे ओतायचा कारखाना, काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरची संस्कृत पुस्तकं अजून जुन्या वाचनालयांत मिळतात. मिळालं तर एखादं पान भिंगाखाली बघा. पोलादाच्या कांडीवर अक्षर उलटं कोरायचं, तो पंच तांब्यात ठोकून मातृका, म्हणजे साचा, करायची, तिच्यात शिसं, कथील आणि अँटिमनीचा रस ओतायचा. आणि हे प्रत्येक अक्षरासाठी, प्रत्येक मापासाठी. तरी ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ एकाच हातानं लिहिल्यासारखे दिसतात. माझ्या मते मराठी डिझाइनच्या विद्यार्थ्यानं जेन्सनच्या पानाइतकाच वेळ या पानाला द्यायला हवा.

आता मूलतत्त्वांचं. तुम्ही म्हणाल, नियम तर सगळ्या लिप्यांना सारखेच. नाहीत. इंग्रजी अक्षर रेघेवर उभं राहतं, आपलं शिरोरेषेला लटकतं. इंग्रजीत शीर्षक मोकळं करायला अक्षरांतलं अंतर वाढवतात. तेच मराठीला केलं की शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द सुटी अक्षरं होऊन पडतो. असे किती फ्लेक्स आणि दुकानांच्या पाट्या मी रोज बघते! सॉफ्टवेअर दहा पॉइंटाच्या (पॉइंट हे अक्षरांचं माप) अक्षराला आपोआप बारा पॉइंटांची ओळ देतं. इंग्रजीला ते चालतं. मराठीत वरच्या ओळीत ‘कर्तृत्व’ आणि बरोबर त्याच्या खाली ‘मूर्ती’ आली, तर वरचा ऋकार खालच्या रफारावर आदळतो. मी स्वतः चौदा पॉइंटाच्या मजकुराला एकवीस पॉइंटांची ओळ देते आणि तरी प्रूफ डोळ्यांनी तपासते.

बोरूचंही तसंच. पहिल्या वर्षी आम्हाला इंग्रजी कॅलिग्राफीचे निब दिले होते आणि त्याच निबानं मी नागरी गिरवत होते. अक्षर काही केल्या ओळखीचं दिसेना. आमच्या एका सरांनी माझ्या हातातला निब काढून घेतला आणि बोरू तासून दिला, उलट्या तिरक्या कापाचा. त्यानं ‘र’ काढला. ‘र’चा डावीकडून उजवीकडे उतरणारा पाय त्या निबानं जाड यायचा, तो बोरूनं बारीक आला, उजवीकडून डावीकडे वळणारी रेघ भरदार आली. एकदम तो आजोबांच्या पोथीतला ‘र’ झाला. अक्षराची जाडी कुठे असावी हे कापानं ठरवलेलं आहे, आणि आज स्क्रीनवरच्या फॉन्टमध्येही ती तिथेच असते. हे हाताला कळलं नाही तर फॉन्ट निवडताना डोळा कशाच्या आधारावर निवडणार?

‘ल’ आणि ‘श’ घ्या. मराठीत आपण पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ लिहितो. महाराष्ट्र शासनानं २००९ च्या निर्णयात तेच प्रमाण मानले आहेत. हिंदीत या अक्षरांची वळणं वेगळी. युनिकोडमध्ये मात्र दोन्हींना एकच क्रमांक. चांगल्या फॉन्टमध्ये मराठी वळणंही ठेवलेली असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितलं तरच ती पुढे येतात. कुणी सांगतच नाही. त्यामुळे मराठी शाळांच्या पाट्यांवरही परक्या वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दिसतात, आणि लहान मुलं पुस्तकात एक व पाटीवर दुसरं गिरवतात. मला याची खंत वाटते. तसाच तो ‘ऱ्य’. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला, हा फरक मराठी कागदावर दाखवते. फॉन्टमध्ये तो ‘ऱ’ नीट नसला तर वऱ्हाड, तऱ्हा, दऱ्या सगळंच बिघडतं.

हे सगळं आधी कुणी केलंच नाही असं नाही. विंडोजवर वर्षानुवर्षं ज्या ‘मंगल’मध्ये आपण मराठी वाचली, तो र. कृ. जोशींनी घडवला. ते पवईच्या आयआयटीत, तिथल्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवायचे. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची शीर्षकं आपण सगळ्यांनी पाहिलीत. ती हातानं काढलेली होती आणि नाटकाचा स्वभाव अक्षरात उतरायचा. आज मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्ता’, ‘बालू’ यांसारखे फॉन्ट फुकट मिळतात. मी विद्यार्थिनी असते तर ‘मुक्ता’ची सगळी वजनं, म्हणजे बारीक ते जाड असे सगळे प्रकार, छापून भिंतीला लावली असती. तेव्हा तुमचं म्हणणं बरोबर आहे, फॉन्ट तयार मिळतात, आणि चांगले मिळतात. पण ते कुणीतरी हे सगळं शिकून तयार केलेत, आणि नीट वापरायलाही त्यातलं बरंचसं शिकावं लागतं.

तुमच्या लेकीला पहिल्या आठवड्यात मी कॉम्प्युटर लावूच दिला नाही, याची तक्रार तिनं घरी केली असेल. तिला मी बोरू तासायला दिला आहे आणि गावाकडच्या पाच जुन्या पाट्यांचे फोटो आणायला सांगितले आहेत. रंगाऱ्यानं हातानं लिहिलेल्या, छापील नाहीत. तिनं पिठाच्या गिरणीची एक आणली आहे. तिच्यातला ‘ळ’ मी आजवर पाहिलेल्यांत सगळ्यात ऐटदार आहे.

पुढच्या वेळी तिला भेटायला याल तेव्हा अर्धा तास आधीची एसटी धरा. जुळारी काकांनी जाताना मला दिलेली एक केस आमच्या स्टुडिओत खिडकीशी ठेवली आहे. तुमच्या नावाचे खिळे मी जुळवून ठेवते. स्टिक तुमच्या हातात देईन. नाव उलटं असेल, पण आधी वेलांटीच्या खिळ्यावर अंगठा ठेवा, पोटाशी खाच लागेल. तिचा बाक मात्र सांभाळा.