दोन्ही आकडे एकाच सेन्सरचे

गाडी यामाहाची आरएक्स 100. 1985 ते 1996 या काळात निघालेल्या या 98 सीसीच्या गाडीवर आमच्या कोल्हापुरात अजून जीव टाकणारी माणसं आहेत, त्यातलाच हा पोरगा. पोर्टिंग केलेलं (म्हणजे सिलिंडरची भोकं घासून मोठी केलेली), एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे फुगीर पोटाचा सायलेन्सर लावलेला, 402 मीटरच्या ड्रॅगसाठी तयार केलेली. तक्रार एकच: फिनिशच्या आसपास पिस्टन पकडतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो. ब्लॉक उतरवला तर पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूनं उभे ओरखडे. म्हणजे इंजिन लीन होऊन, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडून, तापतंय, एवढं कळत होतं. कुठे आणि कशानं, ते शोधायचं होतं.

नवा पिस्टन बसवून गाडी थोडी चालवून घेतली. मग चेंबरच्या पुढच्या पाइपवर 18 एमएमचा नट वेल्ड करून त्यात वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर घातला. धुरातल्या ऑक्सिजनवरून तो मिश्रण सांगतो. खालच्या अंगाला लावला तर त्यात पाणी नि ऑइल साचतं, म्हणून वरून तिरका. जॉइंटला सिलिकॉन लावू दिला नाही, त्याची वाफ सेन्सर मारते. पण जॉइंट सैलही चालत नाही. बाहेरची हवा आत ओढली गेली की आकडा खोटा.

मीटर मी लॅम्डावर ठेवतो. एका भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा, हे नेमकं प्रमाण निव्वळ पेट्रोलचं. 20 टक्के इथेनॉल मिसळलं की ते साडेतेराच्या आसपास येतं. नेमक्या मिश्रणाचा लॅम्डा मात्र कुठल्याही पेट्रोलला 1च. वर गेला की लीन, खाली आला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त.

सुट्टीच्या दिवशी बंद रस्त्यावर ट्रायल घेतली. पाव थ्रॉटलला मीटर 1.15 आणि 1.2 च्या मध्ये नाचत होतं. पोरगा लगेच म्हणाला, "काका, लीन दावतंय की. तरीच पकडतंय. जेट वाढवूया." जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक.

पण आवाज वेगळंच सांगत होता. इंजिन एक सोडून एक फायर करत होतं, बर्रर्र असा फुटका आवाज, आणि प्लग काढला तर ओला काळा. ही रिचची खूण. टू-स्ट्रोकमध्ये ताजा माल आत आणणारा ट्रान्स्फर पोर्ट आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट पोर्ट एकाच वेळी उघडे असतात, त्यामुळे थोडा ताजा माल न जळताच बाहेर जातो. त्यात मिश्रण रिच होऊन फायर चुकला की त्या फेरीतला सगळाच ऑक्सिजन पाइपमध्ये. सोबत पेट्रोलही गेलेलं असतं, पण सेन्सरच्या टोकावर ते पुरतं जळत नाही. सेन्सरला उरलेला ऑक्सिजन दिसतो आणि तो लीन म्हणतो.

"नीडल एक खाच खाली घे," मी म्हटलं. कार्बोरेटरमधली ही सुई खाली गेली की पेट्रोल कमी येतं.

"लीनवर आणि लीन? काका, पुन्हा पकडंल!"

"घे तर खरं. पाव थ्रॉटलच्या वर जाऊ नको."

त्यानं नीडलची क्लिप एक खाच वर सरकवली, म्हणजे नीडल खाली गेली. पुढच्या फेरीत फुटका आवाज गेला आणि आकडा 0.93 वर येऊन थांबला. पेट्रोल कमी केलं आणि मीटर रिचकडे गेलं! पोरगा कितीतरी वेळ त्या आकड्याकडेच बघत उभा होता.

मात्र पिस्टन पाव थ्रॉटलला पकडत नव्हता. म्हणून पूर्ण थ्रॉटलचं रेकॉर्डिंग घेतलं. वेग चढून चेंबरचा जोर लागला की त्यातून परतणारी लाट बाहेर गेलेला माल पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते आणि फायर नियमित होतो. तिथल्या आकड्यावर मी भरवसा ठेवतो. सुरुवातीला सरळ 0.86. सात-आठ सेकंदांनी 0.89, मग 0.94, आणि शेवटाकडे 0.99. आवाजात तसूभर फरक नाही. माझ्या कानानं हे कधीच पकडलं नसतं.

मेन जेट लहान असता तर आकडा पहिल्यापासून वर असता. हा हळूहळू चढत होता, म्हणजे फ्लोट चेंबर, कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवणारी वाटी, रिकामी होत होती. कार्बोरेटरची पेट्रोल पाइप काढून बाटलीत धरली. आधी धार चांगली, मग बारीक होत करंगळीच्या निम्मी. टाकीचं झाकण उघडून पाहिलं, फरक नाही, म्हणजे झाकणाचं हवेचं भोक मोकळं होतं. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक खोलला. आतली जाळी तांबूस गंजानं लिंपलेली. टाकी बाहेरून नवीन रंगवली होती, आतून तशीच जुनी होती.

टाकी धुऊन घेतली, कॉक नवीन टाकला, मेन जेट होता तोच ठेवला. पुन्हा रेकॉर्डिंग: 0.86 पासून 0.87, शेवटपर्यंत. तरीही मी पूर्ण थ्रॉटलला किल स्विच आणि क्लच मारायला लावून प्लग पाहिला. पोर्सेलीनच्या मुळाशी हवी तशी फिकट तपकिरी कडी होती. पिस्टनच्या डोक्यावर ट्रान्स्फरसमोरचे, ताज्या मालानं धुतलेले भागही दिसत होते. मगच गाडी सोडली.

सेन्सर काढून नटात बोल्ट मारून दिला. पोरगा म्हणत होता, राहू दे कायमचा. टू-टी ऑइलच्या धुरात तो लवकर खराब होतो आणि मग हळूहळू चुकीचं दाखवायला लागतो. म्हणून माझ्याकडे तो डब्यात असतो, फक्त ट्यूनिंगपुरता बाहेर निघतो.