सात मेगाहर्ट्झवरचं गाणं

दिवसा मी वागळे इस्टेटमध्ये मशीनची कंट्रोल कार्डं दुरुस्त करतो. रात्री आणि रविवारी कळव्याच्या घरी स्वस्तातले एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावून सॉफ्टवेअरने चालवायचे छोटे रेडिओ, उघडून त्यांवर खालच्या फ्रिक्वेन्सीही ऐकू येतील असं करून देतो. ओळखीतून कामं येतात. परवाचं काम कोपरीच्या एका काकांचं होतं. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त, जुने हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. त्यांचा मोठा सेट बंद पडलाय आणि आता त्याचे पार्ट मिळत नाहीत. "मला बोलायचं नाही रे, नुसतं ऐकायचंय. चाळीस मीटर मिळालं की झालं," म्हणाले.

चाळीस मीटर म्हणजे हॅम लोकांचा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा बँड. हे डोंगल मुळात लॅपटॉपवर डिजिटल टीव्ही बघण्यासाठी बनलेलं. आतला आर८२०टी ट्यूनर, म्हणजे हवी ती फ्रिक्वेन्सी निवडणारा भाग, साधारण २४ मेगाहर्ट्झच्या खाली उतरतच नाही. त्यावर तोड अशी की ट्यूनरला वळसा घालून अँटेना थेट सिग्नलचे आकडे करणाऱ्या आरटीएल२८३२यू चिपला जोडायची. ट्यूनर तिच्या पिन १ आणि २ वापरतो, ४ आणि ५ मोकळ्या असतात. पण या चिपला पाय बाहेर आलेले नसतात, कडेला नुसते चकचकीत ठिपके. जुन्या रिलेच्या कॉइलमधली केसासारखी तार घेतली, टोकाचं एनॅमल जाळलं, फ्लक्स लावला आणि भिंगाखाली सोल्डरिंगचा बिट टेकवला. पहिल्यांदा चार आणि पाच एकत्र जुळल्या. विकने, म्हणजे तांब्याच्या विणलेल्या पट्टीने, सोल्डर ओढून घेतलं, पाच मिनिटं हात बाजूला ठेवला, मग परत. दुसऱ्या वेळी दोन्ही तारा वेगवेगळ्या बसल्या. त्यांवर गोंदाचा थेंब टाकला, कारण ही तार जरा ओढली गेली तरी ठिपक्यासकट उखडते आणि मग डोंगल संपलंच. पुढे छोट्या कोअरवर ट्रान्सफॉर्मर गुंडाळून अँटेनाचं सॉकेट जोडलं.

गच्चीवर आमची लांब तार आहेच. सॉफ्टवेअरमध्ये डायरेक्ट सॅम्पलिंग, क्यू ब्रँच (म्हणजे ४-५ ची जोडी) निवडलं. ५५८ किलोहर्ट्झवर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी स्वच्छ लागली. म्हणजे सोल्डर बरोबर, तारा बरोबर. मग सातवर गेलो.

तिथे स्क्रीनवर डोंगर होता. ७.० पासून ७.२ पर्यंत, नेमका काकांचा अख्खा बँड झाकणारा उंचवटा. कानाला नुसती खरखर. आधी वाटलं, आमचाच एखादा चार्जर किंवा एलईडी बल्ब. घरातला मेन स्विच पाडला, लॅपटॉप बॅटरीवर. डोंगर जागच्या जागी. तार काढली तर गेला, लावली की परत हजर. मग शेजारचा इन्व्हर्टर, लिफ्टची मोटर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. दोन तास गेले.

शेवटी मी काही न करता नुसता वॉटरफॉल, म्हणजे स्क्रीनवर सरकत राहणारं सिग्नलचं चित्र, बघत बसलो, आणि तेच आधी करायला हवं होतं. डोंगर एकसारखा नव्हता. तो श्वास घेतल्यासारखा रुंद व्हायचा, आक्रसायचा. मधेच क्षणभर आक्रसून ७.१०० वर जवळपास एक बारीक रेघ उरायची आणि लगेच परत पसरायचा. चार्जर असा वागत नाही. असं बोलणारा माणूस वागतो, वाक्यावाक्यात थांबणारा. मोड हॅम लोकांच्या एलएसबीवरून एफएम स्टेशनांच्या वाइड एफएमवर नेला, आणि खोलीभर हिंदी सिनेमाचं गाणं.

आई आतून म्हणाली, "रेडिओ लावलास का रे?"

गाणं संपल्यावर निवेदकाने स्टेशनचा आकडा सांगितला, ९३.५. कागदावर ९३.५ मधून ७.१ वजा केले : ८६.४. त्याला तीनने भागलं : २८.८. डोंगलच्या क्रिस्टलवर छापलेला आकडा! चिप सेकंदाला २ कोटी ८८ लाख नमुने घेते, त्यामुळे तिला १४.४ मेगाहर्ट्झपर्यंतच खरं कळतं. त्यापुढचं सगळं साडीच्या घड्यांसारखं तिच्यासाठी एकावर एक पडतं. ९३.५ सातव्या घडीत येतं, आणि त्याची नक्षी पहिल्या घडीवर बरोबर ७.१ ला उमटते. एरवी हे बाहेरच अडवायला ट्यूनर असतो. त्याला मी स्वतःच्या हाताने बाजूला केलं होतं. पडताळायला १४.३ वर गेलो. तिथे आकाशवाणीचं १००.७. मग ८.१ वर १०७.१, कारण १४.४ च्या आठपट म्हणजे ११५.२, त्यातून १०७.१ गेले की ८.१.

असा गणितात बसणारा दोष सापडला की मला फार बरं वाटतं. कार्ड दुरुस्तीत असा आनंद क्वचित मिळतो, तिथे बहुतेक वेळा फुगलेला कपॅसिटर बदलला की काम संपतं.

उपाय साधा : अँटेना आणि ट्रान्सफॉर्मरच्या मधे लो पास फिल्टर, १२ मेगाहर्ट्झच्या वरचं अडवणारा. पिवळ्या टी३७-६ टोरॉइडवर (कडीसारख्या कोअरवर) तारेचे २१ वेढे, म्हणजे साधारण १.३ मायक्रोहेन्री, आणि दोन्ही बाजूंना ग्राउंडकडे २७० पिकोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर. वेढे मोजताना एकविसावा की विसावा असा घोळ होतो, म्हणून मी दर पाच वेढ्यांनी नखाने खूण करतो. सगळं पत्र्याच्या गोळ्यांच्या डबीत बसवलं आणि डबी ग्राउंडला जोडली. उघड्यावर ठेवलं तर एफएम बाजूने शिरतंच.

तार लावली. डोंगर नव्हता. १४.३ आणि ८.१ सुद्धा मोकळे.

काका संध्याकाळी आले. डबीवर मी फिल्टरच्या पार्टांचे आकडे मार्करने लिहीत होतो, ते थेट लॅपटॉपसमोर बसले. माउस हळूहळू सरकवत ७.० पासून वर गेले, आणि एका बारीक खुणेवर थांबले. घोगरा आवाज होता, तो सुरात आणायला त्यांनी दहा-दहा हर्ट्झने मागेपुढे केलं. आवाज माणसाचा झाला. मी काहीतरी विचारायला गेलो, तर हातानेच थांबवून त्यांनी पिशवीतून वही काढली आणि वेळ लिहिली.